गुंडांच्या शहरात आमची काळी-पिवळी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. चौथीनंतर शाळा सुटली, हातात खुरपं आलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथं बसले तिथं बसू दिलेत, उठवायला गेले नाही. ओल्या अंगणातून कोंबडी चालत गेल्यासारख्या ओळी दिसतात. कुणाच्या हाती लागलंच तर माफी असावी. तसं मी हे कुणासाठी लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. बचत गटाच्या बैठकीत मी दाराशी बसते आणि माझं म्हणणं जाऊबाई सांगतात, कधीकधी मी म्हटलेलं नसलं तरी. म्हणून जे तोंडानं सांगता येणार नाही ते कागदावर ठेवतेय. गेल्या उन्हाळ्यात मी मारामारी शिकले. बराबर शिकले.

आमचे हे तीर्थपुरी ते अंबड सवाऱ्यांची काळी-पिवळी जीप चालवतात. लग्नाच्या आधीपासून चालवतात. मला बघायलासुद्धा सवाऱ्या भरूनच आले होते. त्यांतले पाहुणे कोण आणि सवाऱ्या कोण हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच पोहे दिले.

तर उन्हाळा लागता लागता एका सकाळी रस्त्यात म्हशीचं रेडकू आडवं आलं. यांनी त्याला वाचवायला स्टिअरिंग फिरवलं आणि जीप रस्त्याकडेच्या खड्ड्यात अलगद कुशीवर झोपली. नशीबच म्हणायचं, सवाऱ्या एकेक करून खिडकीतून बाहेर आल्या. कुणाचं ढोपर खरचटलं, कुणाचा डबा सांडला, एका म्हातारीची चप्पल हरवली आणि ती चप्पल मागायला ती पुढं दोनदा घरी येऊन गेली. हात मोडला तो फक्त यांचा, उजवा. रेडकाला ओरखडासुद्धा नाही. ते आमच्याच मागच्या गल्लीतलं. सकाळ-संध्याकाळ रवंथ करत दारावरून जातं, आणि ते जाईपर्यंत हे भिंतीकडं तोंड करून बसायचे.

जीपचा पत्रा ठोकून झाला, काचा बसल्या. घराशेजारी ताडपत्रीखाली ती उभी राहिली आणि हे प्लास्टर गळ्यात अडकवून घरात बसले. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून दुपारचं घर पाहिलं नाही, त्याला दुपारभर घरात ठेवणं म्हणजे काय असतं ते माझं मला माहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले. भाजीत मीठ पडायच्या आधीच मीठ किती हे सांगायला लागले. शेवटी मी फोनवर मुलाला म्हणाले, तुझ्या पप्पांना काहीतरी काम दे बाबा.

मुलगा पुण्याकडं कंपनीत आहे. त्यानं स्वतःला नवीन गेमचं मशीन घेतलं होतं, जुनं पडून होतं. एका शनिवारी ते पिशवीत घालून घेऊन आला, टीव्हीला जोडलं, यांना सगळं दाखवलं आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. बापलेकांच्या एक गोष्ट ध्यानातच आली नाही. त्या रिमोटला दोन हात लागतात.

सोमवारी दुपारी हे एका हातानं खटपट करत होते. मी ज्वारी निवडत होते.

"तू धर," हे म्हणाले. "मी सांगतो तसं कर. तू फक्त हात."

मी म्हटलं, मला मोबाइलवर फोन उचलता येतो आणि ठेवता येतो, एवढंच. पण रिमोट हातात घेतला तर त्यावर चौकोन, त्रिकोण, गोल आणि फुली. हे तर बालवाडीतलंच होतं. म्हटलं, बघू.

गेमची गोष्ट अशी. एक तरणा पोरगा बऱ्याच वर्षांनी आपल्या शहरात परत येतो. समुद्राकाठचं मोठं शहर, कुठंही जा, कुठल्याही गल्लीत शिरा, कुणी अडवत नाही. आईच्या दवाखान्यासाठी त्यानं बंदरावरच्या एका दादाकडून पैसे उचललेले असतात. ते फेडायचे. शहरभर टोळ्या, मारामाऱ्या, पोलीस. सगळं इंग्रजीत. हे दहावीपर्यंत गेलेले आहेत, बोट ठेवून वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. किती देणं राहिलं त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सारखा दिसत राहायचा. आकडे मला वाचता येतात.

पहिला दिवस चालण्यातच गेला. डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि उजव्यानं बघायचं. मला एका वेळी एकच जमायचं. चालले की बघणं राहायचं, बघायला गेले की तो पोरगा आभाळाकडं तोंड करून उभा. हे ओरडायचे, खाली बघ, खाली बघ, की मी माझ्या पायाकडं बघायचे. पुढं भाकरी थापताना मनात आलं, इथंही एक हात फिरवतो आणि दुसरा थापतो, मी कुठं विचार करते? दुसऱ्या दिवशी विचार करायचं सोडलं आणि पोरगा नीट चालायला लागला.

मग ती गाडीची भानगड झाली. बंदर लांब होतं, पोरगा पायी चालून राहिलेला. रस्त्यात एक गाडी थांबली होती. मला वाटलं, आत बसायचं, मागं जागा असेल. हे म्हणाले त्रिकोण दाब. दाबला, तर आमच्या पोरानं दार उघडून आतल्या माणसाला कॉलर धरून रस्त्यावर काढलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. तो माणूस ओरडत पळून चाललेला. मी गाडी होती तिथंच परत नेऊन लावायला गेले, त्यात एक खांब पाडला, पोलीस मागं लागल्याचे तारे पडद्यावर उमटले आणि आम्हाला धरून नेलं.

मी रिमोट खाली ठेवला. टीव्ही आमच्या शोकेसवर आहे आणि त्याच्या बरोबर वर बाबासाहेबांचा आणि भगवान बुद्धांचा फोटो. दर रविवारी आम्ही विहारात जातो, सगळ्यांसोबत हात जोडून पंचशील घेतो. कुणाचा जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही असं रविवारी म्हणायचं आणि सोमवारी लोकांच्या गाड्या हिसकायच्या?

"अगं, खेळ हाय तो," हे हसून म्हणाले.

"खेळ त्यांचा असंल," मी म्हटलं. "हात तर माझेच हायेत ना?"

यांना हसू आवरेना, पण मी ठरवलं ते ठरवलं. दुसऱ्याची गाडी घ्यायची नाही. बंदूक धरायची नाही. पोराच्या घरामागं त्याच्या बापाची एक जुनी जीप होती, पत्रा निघालेली, ती त्याची स्वतःची. तीच चालवायची. मारामारी करावी लागली तर हातानं. हातानं मारलेला माणूस मरतो की नुसता पडतो हे मला बघायचं होतं. म्हणून पहिला गुंड पडला तेव्हा मी पुढं गेलेच नाही, त्याच्याजवळ थांबून राहिले. हे कंटाळून गेले. बऱ्याच वेळानं तो उठला, कपडे झटकले आणि लंगडत निघून गेला. मला बरं वाटलं. मग म्हटलं, आता हरकत नाही.

पैसे मिळवायलाही वाट निघाली. बंदराजवळच्या एका गोदामात आखाडा भरायचा. भोवती माणसं, मधे दोघं, जिंकेल त्याला इनाम. अगदी जत्रेतल्या कुस्त्यांसारखं. हे खूश झाले. म्हणाले, आधी पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरू कर, मंग नारळाची, मंग मोठी.

रेवड्यांच्या कुस्तीतच मी बरेच दिवस मार खाल्ला.

मी काय करायचे, गडी समोर आला की घाबरून सगळी बटणं एकदम दाबायची. चौकोन म्हणजे ठोसा, गोल म्हणजे बाजूला सरकणं, फुली म्हणजे धरणं, आणि त्रिकोण, जो एरवी दार उघडायचा, तोच मारामारीत समोरच्याचा वार त्याच्यावर उलटवायचा. सगळी एकदम दाबल्यावर पोरगा बिचारा जागच्या जागी नाचायचा. खाली दोन पट्ट्या असायच्या, हिरवी जिवाची आणि पिवळी दमाची. सारखे ठोसे मारले की पिवळी संपायची, आणि पिवळी संपली की तो हात खाली टाकून धापा टाकत उभा राहायचा. मग कुणीही यावं आणि टप्पल मारून जावं.

मुलगा फोनवर समजावून सांगायचा, आई, टायमिंग पाहिजे, टायमिंग. हे म्हणायचे, जोर लाव. दोघांचं ऐकून माझं डोकं दुखायला लागलं.

कळलं ते मला गोठ्यात. जाऊबाईंची एक गाय लाथरी आहे, तिची धार मीच काढते कारण माझ्याशिवाय ती कुणाला उभी करत नाही. गाय लाथ मारायच्या आधी मागचा पाय हलका करते. मांडीची कातडी थरकते. तेवढं दिसलं की मी बादली बाजूला घेते, लाथ वाऱ्यावर जाते. मला कधी लागली नाही. त्या दिवशी बादली सरकवता सरकवता मनात आलं, तो आखाड्यातला गडीसुद्धा मारायच्या आधी काहीतरी करतच असेल.

दुपारी मी एकही बटण दाबलं नाही, नुसती बघत बसले. मार खाल्ला, पण बघून घेतलं. ठोसा मारायच्या आधी गड्याचा खांदा वर जातो. लाथ मारणारा आधी अर्धं पाऊल मागं घेतो. मिठी मारणारा जाडा दोन्ही हात फाकवतो. तेवढ्या वेळात त्रिकोण दाबला की त्याचाच हात धरून आमचा पोरगा त्याला आपटतो. आधी दाबलं तर फुकट, नंतर दाबलं तर नाक फुटलं. जाड्यावर मात्र त्रिकोण चालत नाही, त्याला बाजूला सरकून पाठीत द्यायचं. आणि पिवळी पट्टी अर्धी झाली की मागं सरकून दम घ्यायचा, लाज नाही वाटू द्यायची. कापूस वेचणारी बाई पहिल्याच तासात हात तोडून घेते का?

त्या संध्याकाळी मी रेवड्यांची कुस्ती जिंकले. हे डाव्या हातानं मांडीवर टाळी वाजवत राहिले, कारण दुसरा हात प्लास्टरमधे.

मग मी जिंकतच गेले. एकाच वेळी तिघं-चौघं आले की भिंतीला पाठ लावायची, म्हणजे मागून कुणी येत नाही. टँकर आल्यावर हंडे घेऊन उभं राहायची तीच रीत. काठीवाला असेल तर आधी त्याची काठी काढून घेऊन लांब फेकायची. हे जवळ बसून ओरडायचे, आणि यांचा आवाज असा की सवारी फाट्यावर असली तर स्टँडवरून ऐकू जावा.

एक दिवस जाऊबाई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. त्यांच्याकडं दोन म्हशींचं दही असतं, त्यांना आमच्याकडून विरजण लागायचं कारण काय? दारातच मला बाजूला घेतलं. भिंतीपलीकडून त्यांना रोज दुपारी ऐकू यायचं, मार, अगं मार, कमरेत घाल लाथ.

"खरं सांग ग," जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुला मारून राह्यले का तू मारून राह्यली?"

मी त्यांना आत नेलं आणि लढून दाखवलं. त्या आधी तोंडाला पदर लावून बसल्या, मग पदर सुटला, मग त्या पलंगावरून खाली सरकत टीव्हीपर्यंत आल्या. त्यानंतर रोज दुपारी वाटी घेऊन यायच्या. विरजण एकदाही नेलं नाही.

मारामारी जमली, गाडी मात्र मला जमली नाही. पहिल्या दिवशी बघते तर समोरून सगळ्या गाड्या माझ्याच अंगावर. मला वाटलं आख्खं गाव दारू पिऊन चालवतंय. नंतर यांनी सांगितलं की तिकडं उजव्या बाजूनं चालवतात, मीच उलटी चालले होते. हे पलंगावर शेजारी बसायचे आणि वळण आलं की यांचा उजवा पाय खाली सतरंजी दाबायचा. त्या जागेवर सतरंजी चुरगळलेलीच राहायची. चौकात माणसं उभी दिसली की यांच्या तोंडून निघायचंच, थांबव, सवारी हाय. मी थांबवायचे. कुणी बसायचं नाही, एखादा घाबरून पळायचा.

"कसलं गाव हाय हे," हे नाराज होऊन म्हणायचे. "रिकामी गाडी थांबली तरी कुणी बसंना."

इनाम मिळालं की मी पोराला जीपमधे घालून, रखडत, खांब चुकवत थेट बंदरावर न्यायचे. दादाच्या दुकानात जायचं, त्रिकोण दाबायचा, हप्ता द्यायचा, कोपऱ्यातला आकडा खाली यायचा. मुलाला हे पटायचं नाही. तो म्हणायचा, आई, आधी बंदूक घे, चांगलं जाकीट घे, गाडी घे, पैसे शेवटी देता येतात. पण आमच्या गटात चहा येण्याआधी हप्ता पेटीत पडतो. चहा पिऊन झाल्यावर मग कुणाकडं किती उरलं ते बघायचं. मला दुसरी रीत माहीतच नाही. आमचा पोरगा शेवटपर्यंत त्याच फाटक्या शर्टात हिंडला.

असं करता करता यांचं प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हाड चांगलं जुळलं म्हणून सांगितलं, हातात रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. मला वाटलं आता ताडपत्री निघणार. निघाली नाही. हे चेंडू दाबत बसायचे आणि जीपकडं पाठ करून बसायचे. रिमोट पुढं केला तर म्हणायचे, बोटं अजून चालत न्हाईत, तूच खेळ.

मग एक दिवस चहाच्या टपरीवरून आले आणि म्हणाले, गाडी विकायला काढलीय. अंबडचा माणूस शुक्रवारी बघायला येणार. आता घरोघरी मोटारसायकली झाल्यात, सवाऱ्या कोण बसतं, गुडघेही दुखतात. बरीच कारणं सांगितली. मी सगळी ऐकली. त्यांत रेडकाचं नाव कुठंच नव्हतं.

मला बोलता आलं असतं तर हा कागद कशाला लागला असता? पण गाडी गेली की हा माणूस उरलेलं आयुष्य कुकरच्या शिट्ट्या मोजत बसणार हे मला दिसत होतं. जीप गेल्याचं दुःख एवढं नव्हतं. फाट्यावर उभा राहून अंबड, अंबड, अंबड असं ओरडणारा यांचा आवाज जाणार होता.

त्याच आठवड्यात मी आखाड्यातला शेवटचा गडी पाडला. जत्रेत ज्याच्यापुढं कुणी उतरत नाही तसला. जाडा, पण पायानं चपळ, आणि खांदा न हलवताच ठोसा मारायचा. जाऊबाई रोज येऊन हार बघून जायच्या. शेवटी कळलं की त्याचा खांदा हलत नाही पण हनुवटी खाली जाते. हनुवटी खाली, त्रिकोण. हनुवटी खाली, त्रिकोण. दम संपत आला की मागं. तो पडला तेव्हा जाऊबाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दिवसभरात मला लागलेला तेवढाच एक.

इनाम इतकं मिळालं की उरलेलं सगळं देणं एका फेरीत फिटणार होतं. पण गेमवाल्यांनी शेवटी मेख मारून ठेवली होती. दादा आता बंदरावर नव्हता, डोंगरावरच्या बंगल्यात राहायला गेला होता. पैशांची पिशवी घेऊन घाटानं वर जायचं, मागं दुसरी टोळी लागलेली, आणि दिलेल्या वेळात पोचायचं. घाटातल्या एका वळणावर मी प्रत्येक वेळी जीप दरीत घातली. बुधवारी घातली, गुरुवारी सकाळी घातली, गुरुवारी दुपारी जाऊबाई बघवत नाही म्हणून उठून गेल्या.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, आई, तिथं दुसरा रस्ता आहे, सगळे तोच घेतात. पैसे द्यायचेच नाहीत. मागच्या वाटेनं बंदूक घेऊन जायचं आणि दादालाच उडवायचं. देणंही संपतं आणि पैसेही आपल्याकडं राहतात.

मी फोन ठेवला. यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. हे पलंगावर बसून शेंगा फोडत होते, भाजलेल्या, मांडीवर परात घेऊन.

"कर की तसं," हे म्हणाले. "संपव एकदाचं."

"अडचणीत त्यानंच दिल्ते," मी म्हटलं. "त्याच्या आईसाठी दिल्ते. उचलले ते द्यायचे."

"मंग वळण कसं घेशील? तुला जमून राह्यलं न्हाई."

मी यांच्या हाताकडं बघत होते. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट, टचकन शेंग फुटायची, दाणे परातीत, टरफलं खाली. बोलता बोलता अर्धी परात भरली होती. मी कधी यांना तोडून बोललेली बाई नाही. पण आखाड्यात इतके दिवस घालवल्यावर एवढं समजत होतं की वेळ आत्ताचीच आहे. आधी बोलले असते तर फुकट गेलं असतं, आणि शुक्रवार उजाडल्यावर बोलून उपयोग नव्हता.

"शेंगा तर फोडून राह्यले," मी म्हटलं. "बोटं बराबर चालून राह्यली. भ्या बोटाचं न्हाई, रेडकाचं हाय."

यांचा परातीतला हात तिथंच राहिला. मला वाटलं आता रागावतील, आणि मी इतकी घाबरले की रिमोट त्यांच्या मांडीवर, शेंगांवरच ठेवून दिला.

मग यांनी बोटं लुंगीला पुसली आणि रिमोट उचलला.

यांनी जीप सुरू केली. मी खेळायचे तेव्हा इंजिन सारखं किंचाळायचं, आता ते गुरगुरायला लागलं. मागं टोळीच्या दोन गाड्या लागल्या, यांनी आरशात बघावं तसं एकदा बघितलं आणि रस्त्याच्या मधोमध गाडी धरली, त्यांना पुढं येऊच दिलं नाही. एसटीला साइड द्यायची नसली की हे तसंच करतात. घाट आला. ते वळण आलं. माझा उजवा पाय खाली गेला आणि सतरंजी दाबली. तेवढ्यात रस्त्यात एक कुत्रं आलं. मी खेळायचे तेव्हा ते कधी दिसलं नव्हतं, की मीच तिथवर कधी शुद्धीत पोचले नव्हते कोण जाणे. यांनी स्टिअरिंग फिरवलं नाही. वेग कमी केला, हॉर्न दिला, कुत्रं गेलं, गाडी वळली. टोळीची पहिली गाडी आमच्यामागं जोरात आली ती सरळ दरीत.

बंगल्यापुढं जीप उभी करून यांनी घड्याळाकडं बघितलं. वेळ शिल्लक होता. पोरगा पिशवी घेऊन दादाच्या दारात उभा राहिला. पडद्यावर त्रिकोण आला. तो दाबायचा तेवढा राहिला.

"थांब जरा," हे म्हणाले, रिमोट माझ्या हातात दिला आणि उठून बाहेर गेले.

मी तशीच बसून राहिले. बाहेर ताडपत्री ओढल्याचा आवाज आला, धूळ उडाली असणार, कारण हे खोकले. मग दार वाजलं. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. मी दाराशी आले तशी जाऊबाईंनी भिंतीवरून डोकं काढून मला काय झालं म्हणून विचारलं, मी नुसतं बोट दाखवलं. जीप गल्लीतून बाहेर गेली, मोठ्या रस्त्याला लागली, आवाज लांब गेला आणि ऐकू येईना झाला. पडद्यावरचा पोरगा दारात उभा, पिशवी हातात. मी त्याला म्हटलं, थांब रे बाबा, मीही थांबलेय.

फाट्यावर जाऊन यायला जेवढा वेळ लागतो त्याहून जरा जास्तच लागला. मग आवाज आला. गाडी जागेवर लागली, ताडपत्री काही परत पडली नाही. हे आत आले, घामाघूम. हात धुतले, पाणी प्याले. अंबडच्या माणसाला फोन करून उद्या येऊ नका, गाडी द्यायची न्हाई असं सांगितलं. मग पलंगावर येऊन बसले आणि परात मांडीवर घेतली.

"एक म्हातारी भेटली फाट्यावर," हे म्हणाले. "सोडली तिला घरी. तीच, चप्पलवाली. पैसे न्हाई घेतले तिचे."

"आणि रेडकू?"

"हुतं की. हॉर्न दिला, गेलं." यांनी एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. "आता त्याचे पैसे दे बरं. कव्हाचा दारात उभा हाय तो."

मी दाणे तोंडात टाकले आणि त्रिकोण दाबला. पोरानं पिशवी टेबलावर ठेवली, दादानं उघडून पैसे मोजले, मान हलवली. कोपऱ्यातला आकडा भराभर खाली आला आणि शून्यावर थांबला. सगळे पैसे फिटले.